कूलरसमोर ठेवलेला डबा

ढगे सरांनी तो डबा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून आणला होता. काउंटरवर ठेवताच दुपट्ट्यातलं पाणी झिरपून आमच्या नोंदवहीवर आलं. मी घाईघाईने डबा उचलला, पुसला आणि हा पाण्यात पडला होता का, असं विचारलं.

"नाई वो बेटा. देवळीवरून बसनं आलो. खिडकीतून अशा झळा लागत होत्या. तापू नये म्हणून गुंडाळला."

मे महिना होता. सरांच्या स्वतःच्या डोक्यावरही तसाच ओला दुपट्टा होता. त्यामुळे मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. खरं तर तिथेच वाटायला हवं होतं.

मी वर्ध्याला बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून नासिरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात काम करते. आमचं गाव अल्लीपूर. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणून असं काही लिहायला बसले की आपलं कुठेतरी चुकत असेल, असं सारखं वाटत राहतं. पण हे काम मी स्वतःच्या हाताने केलं आहे, तेवढ्या भरवशावर लिहिते.

तो डबा म्हणजे घरातल्या वायफायला जोडलेलं गोदाम. आत दोन हार्डडिस्क असतात. घरातल्या कुठल्याही मोबाईलवरून त्यात फोटो, व्हिडिओ टाकता येतात आणि पाहता येतात. सरांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी हा डबा आणून बसवून दिला होता, कारण सरांचा मोबाईल दर आठवड्याला भरायचा. सर निवृत्त पीटी शिक्षक. देवळीच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवतात आणि प्रत्येक मॅच मोबाईलवर पूर्ण रेकॉर्ड करतात. मग व्हिडिओ डब्यात टाकून मोबाईल रिकामा करतात. म्हणजे ते व्हिडिओ फक्त डब्यातच होते. आणि डबा सोमवारपासून बंद होता.

सरांच्या मागे त्यांची एक खेळाडू आली होती, प्रणाली. बारावी झालेली, उंच, डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. ती स्टुलावर बसली आणि पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. राज्याबाहेरच्या एका अकादमीत राहून खेळायची आणि शिकायची सोय होती. निवडीसाठी त्यांना प्रणालीच्या तीन पूर्ण मॅचचे व्हिडिओ हवे होते, कुठेही न कापलेले. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत अपलोड करायचे. आज गुरुवार होता. पाय मोडलेला असल्यामुळे नवी मॅच खेळून रेकॉर्ड करणं शक्य नव्हतं. जे काही होतं ते त्या डब्यात.

"निघंन का?" तिने एवढंच विचारलं.

मी नासिरभाईंकडे पाहिलं. ते अशा प्रश्नाला कधी हो म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत. "पहले देखते हैं," म्हणाले.

डब्यातल्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात. एकीवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर लिहिलं जातं. एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहावं, हा त्यामागचा विचार. म्हणून दोन्ही एकदम कशा गेल्या, हा पहिला प्रश्न होता. आम्ही दोन्ही बाहेर काढल्या. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून एक आणि दोन असे आकडे लिहिले. नासिरभाईंनी पहिलीला करंट दिला आणि कान जवळ नेला. मलाही ऐकायला लावलं. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता. वाचणारी सुई आपली जागा शोधते, सापडत नाही, परत मागे येते. तिचा हा आवाज. "ये गई," ते म्हणाले. अशी डिस्क फक्त मोठ्या लॅबमध्ये उघडता येते. त्याला कित्येक आठवडे लागतात. दुसरी मात्र नीट फिरत होती, आवाज साफ होता. पण कॉम्प्युटरला ती दिसत नव्हती. फिरते आहे, पण बोलत नाही.

मी सरांना विचारलं, की डबा बंद पडण्याआधी कधी काही आवाज वगैरे करत होता का.

सर थोडे अवघडले. होळीच्या सुमारास तो टूं टूं करायला लागला होता म्हणे. दुपारच्या झोपेचं खोबरं व्हायचं. मग सरांनी मोबाईलवरच्या मेनूत शोधून तो आवाजच बंद केला.

नासिरभाई हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. तो टूं टूं म्हणजे पहिली डिस्क गेल्याची सूचना होती. होळीपासून आरसा एकटाच उभा होता आणि कुणाला पत्ता नव्हता. यात एक चांगली गोष्टही होती. प्रणालीच्या चांगल्या मॅच होळीनंतरच्या होत्या, आणि दुसरी डिस्क शेवटच्या दिवसापर्यंत चालली होती. म्हणजे व्हिडिओ असतील तर हिच्यातच.

शुक्रवारी नासिरभाईंना हिंगणघाटला कॅमेरे बसवायच्या कामावर जायचं होतं. ते काम आधीच ठरलेलं. जाताना त्यांनी दुसरी डिस्क माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, भाई, तुम्ही आल्यावर करू. माझ्याकडून काही झालं तर त्या मुलीचं...

"मेरे से नहीं हो सकता क्या कुछ?" ते म्हणाले. "फर्क इतनाच है के तू डरती है. डरनेवाला हाथ हल्का रहता. कर. अटकी तो फोन कर."

मी पहिला तास फक्त डिस्क बघण्यात घालवला. नासिरभाईंनी हे शिकवलं आहे, की हत्यार उचलायच्या आधी डोळ्यांनी काम करायचं. डिस्कच्या स्क्रूंवर गंज होता. कडेला पांढरी भुकटी साचली होती, बोअरवेलच्या पाण्याच्या बादलीवर साचते तशी. दोन वर्षांच्या, घरात ठेवलेल्या डिस्कवर गंज कसा येईल? आणि मला कालचा ओला दुपट्टा आठवला.

सर आणि प्रणाली साडेदहाला आले. मी विचारलं, सर, डबा घरी कुठे ठेवलेला असतो?

सरांचा चेहरा खुलला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी त्यांची इच्छा असावी. मुलाने सांगितलं होतं, की मशीन गरम होऊ देऊ नका. आता वर्ध्याचा उन्हाळा म्हणजे काय ते त्या पुण्याच्या पोराला काय कळणार? सरांनी डब्यासाठी बैठकीत स्टूल मांडलं आणि ते थेट कूलरसमोर ठेवलं. कूलरच्या जाळीची एक पट्टी वाकवून हवेचा झोत बरोबर डब्यावर येईल अशी सोय केली. दर उन्हाळ्यात खसच्या नव्या ताट्या लावल्या. प्रणालीने मोबाईलवर फोटोच दाखवला. सरांच्या बैठकीत सगळे घामाघूम बसलेले आणि सगळ्यात चांगल्या जागी डबा.

"आमी पाहुण्यालेबी तिथं बसू देत नाई," प्रणाली म्हणाली. "म्यॅडम एकदा तिथं बसल्या तं सरांनी उठोलं."

म्यॅडम म्हणजे सरांची बायको.

"मंग? माणूस सावलीत सरकू शकते," सर म्हणाले. "मशीनले पाय हायेत का?"

मला हसू आलं, पण सरांच्या चेहऱ्याकडे पाहून आवरलं. त्यांनी खरोखर जिवापाड जपला होता तो डबा. मी जमेल तसं समजावलं. कूलरची हवा थंड असते, कारण ती ओली असते. अंगाला ती बरी वाटते. पण मशीनच्या आत ती ओल जाऊन बसते, आणि आपल्या पाण्यातला क्षारही सोबत जातो. मशीनला थंड नाही, कोरडी हवा लागते.

सरांनी काउंटरवरचा रिकामा डबा जवळ ओढला. "म्हणजे म्याच मारला थ्याले," ते म्हणाले.

प्रणाली म्हणाली, "अजून मेला कुठं सर. पाहू तं द्या तिले."

हार्डडिस्कचे दोन भाग असतात. वरचा डबीसारखा भाग सीलबंद असतो. त्याच्या आत चकत्या फिरतात आणि त्यांच्यावर सगळा मजकूर असतो. तो भाग दुकानात कधीही उघडायचा नाही, धुळीचा एक कण गेला तरी चकती खरवडते. पण खालच्या बाजूला एक हिरवा बोर्ड असतो, तो चार-सहा स्क्रूंवर बसवलेला असतो आणि काढता येतो. बोर्डच्या आतल्या बाजूला बारीक चमकदार टिकल्या असतात. डबीतून येणाऱ्या पिना त्या टिकल्यांना टेकतात आणि तिथूनच डबीतलं बोलणं बाहेर येतं. या टिकल्या काळ्या पडल्या तर डिस्क फिरेल, पण बोलणार नाही. मला हे पुस्तकातून नाही, नासिरभाईंच्या शेजारी बसून कळलं होतं.

मी बोर्ड काढला. टिकल्या काळ्या होत्या, जुन्या चांदीच्या जोडव्यांसारख्या.

मी हिंगणघाटला फोन लावला. नासिरभाई शिडीवर होते. मी सांगितलं आणि विचारलं, की रबराने घासू का.

"कौनसा रबर?"

"पेन्सिलचं. पांढरं."

"हाँ. पर हल्का. जैसे परीक्षा में गलती मिटाते, कागज नहीं फटना."

माझ्या कंपासात खोडरबर होतंच. तेच घेतलं. एकेक टिकली पुसायची, रबराचा चुरा ब्रशने झटकायचा, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा. पिनांवरूनही बोळा फिरवला. मनगट टेबलावर टेकवून काम केलं. पाऊण तास लागला.

बोर्ड परत बसवला, डिस्क जोडली. ती फिरली. दोन सेकंदांनी कॉम्प्युटरने टिंग केलं.

सर खुर्चीतून उठले. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आली होती. माझ्याकडून इथे एक चूक झाली होती. घाईत मी डिस्क समोरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली, जो आम्ही बिलं छापायला वापरतो. सरांनी चौकटीकडे बोट केलं. "यस म्हणून राह्यला ना तो? दाब मंग. काऊन थांबली?"

मी थांबले, कारण मी वाचत होते. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. इंग्रजीचं वाक्य मी अजूनही सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचते. वर्गात यावरून मला चिडवतात. बाकीचे चौकट दिसली की यस दाबून मोकळे होतात. या चौकटीत लिहिलं होतं, की डिस्क वापरण्याआधी तिला फॉरमॅट करावं लागेल, करू का? फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्या डब्याची लिहिण्याची पद्धत वेगळी असते, ती विंडोजला वाचता येत नाही. आणि जे वाचता येत नाही ते कोरं आहे, असं तो समजतो.

मी नो दाबलं. मग डिस्क काढून आतल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावली, त्याला ती पद्धत वाचता येते. यस दाबलं असतं तर काय झालं असतं, हे सरांना सांगितलं तेव्हा ते मागे सरकून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. "आता मी कायलेच हात नाई लावत," म्हणाले.

यानंतरचा नियम आमच्या दुकानात भिंतीवर लिहिलेला आहे. आजारी डिस्कवर काम करायचं नाही, आधी तिची नक्कल उतरवायची. याला आम्ही क्लोन म्हणतो. एका विशेष प्रोग्रामने जुन्या डिस्कवरचा प्रत्येक कण नव्या डिस्कवर उतरवायचा. जिथे वाचता येत नाही तो भाग सोडून पुढे जायचं आणि सोडलेल्या जागांची यादी ठेवायची. सोपं आधी, अवघड शेवटी. मधेच लाईट गेली तरी यादी असल्यामुळे तिथूनच पुढे सुरू करता येतं. लाईट गेलीही, पावणेदोनला. यूपीएस होता, म्हणून सुरूच राहिलं.

तीन वाजता वेगळीच अडचण आली. सतत वाचल्यामुळे डिस्क तापायला लागली. स्क्रीनवर तिचं तापमान लाल झालं. मी वळून पाहिलं तर सर दाराजवळच्या माठात दुपट्टा बुडवत होते.

"सर," प्रणाली म्हणाली. फक्त एवढंच, पण अशा आवाजात की सरांनी दुपट्टा तसाच पिळून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

मी टेबलफॅन आणून डिस्कसमोर लावला. साधी, गरम, कोरडी हवा. वीस मिनिटांत तापमान खाली आलं. सर त्या पंख्याकडे असे बघत होते, जणू त्याने त्यांचा अपमान केला आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास नक्कल जवळजवळ पूर्ण झाली. थोडे तुकडे राहिले होते, ते पुन्हा पुन्हा वाचूनही येत नव्हते. साडेसातला नासिरभाई आले. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, की बास, आता तिला त्रास देऊ नको. जे आलं ते आलं. कुठल्या फाईलमध्ये छेद पडला, ते उद्या कळेल.

शनिवारी सकाळी नऊला सर आणि प्रणाली आल्यावर मी नकलेवरचं फोल्डर उघडलं. इथे सरांची काम करायची पद्धत कळली. एकाही फाईलला तारीख नव्हती. नावं अशी होती: पाऊस आलता ते मॅच. प्रणालीनं सात काढले. पंच झोपला होता. बस चुकली. हरलो पण. मी विचारलं, सर, यात शोधायचं कसं? सर म्हणाले, मले सगळं समजते. आणि खरंच, त्यांना प्रत्येक नावावरून समोरचा संघ, गाव, स्कोअर, सगळं आठवत होतं. खरी तारीख फाईलच्या आत असतेच, ती मी काढून दिली.

सरांनी तीन निवडल्या. पहिली पूर्ण चालली. दुसरीही. प्रणाली प्लास्टरचा पाय विसरून स्टुलावरून अर्धी उठली होती. तिसरी म्हणजे "प्रणालीनं सात काढले". एकाच चढाईत समोरचे सातच्या सात गडी बाद करून ती परत आली होती. देवळीत तोपर्यंत कुणी तसं पाहिलं नव्हतं. मी फाईल सुरू केली. अकरा मिनिटं नीट चाललं. मग चित्र हिरवं पडलं, चौकोन चौकोन झाले, आणि पुन्हा चित्र आलं तेव्हा सगळ्या मुली तिला उचलून नाचत होत्या. नेमकी तीच चढाई छेदात गेली होती.

मला वाटलं, काल अजून एकदा वाचायला लावलं असतं तर. हे मला आजही अधूनमधून वाटतं.

सर म्हणाले, तरीही हीच पाठवू, नाचताना तर दिसते ना, समजून घेतील ते. नासिरभाईंनी नकारार्थी मान हलवली. न कापलेला व्हिडिओ मागितला आहे. मधे तुटलेला दिसला तर त्यांना वाटेल, की आपणच काही लपवलं.

प्रणाली यादीवर बोट फिरवत होती. "हे चालवून पाह्य," ती म्हणाली.

ती फाईल होती "हरलो पण".

"ते नोको," सर लगेच म्हणाले. "त्याच्यात तुले नऊ वेळा धरलं."

"मले माहीत हाये."

"मंग?"

"दहाव्यांदा बी गेलीच ना मी, सर."

मी फाईल लावली. आम्ही चौघांनी ती पूर्ण पाहिली, चाळीस मिनिटं. कुठेच तुटली नाही. मला कबड्डीतलं फार कळत नाही. पण ती मुलगी पकडली जात होती, मैदानाबाहेर बसत होती, आत येत होती, आणि पहिली चढाई मागून घेत होती. शेवटी संघ दोन गुणांनी हरला. मॅच संपल्यावर सरांचा मोबाईल तसाच चालू राहिला होता आणि त्यात त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते कुणालातरी सांगत होते, की हरलो पण पोरगी पाहिली का तुमी.

सरांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "पाठव," म्हणाले.

तिन्ही व्हिडिओ चार वाजून दहा मिनिटांनी अपलोड झाले. मी सहा वाजेपर्यंत तीनदा उघडून खात्री केली.

पंधरा दिवसांनी प्रणालीला बोलावणं आलं. प्लास्टर निघाल्यावर, पाय पूर्ण बरा झाला की चाचणी. कोणत्या मॅचमुळे बोलावलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सर मात्र देवळीत सगळ्यांना सांगतात, की नऊ वेळा धरलं म्हणूनच घेतलं. चाचणी दिवाळीच्या सुमारास झाली. प्रणाली आता तिथेच आहे.

डब्यात आता दोन नव्या डिस्क आहेत. तो कूलरसमोरून उठून पुस्तकांच्या कपाटावर गेला आहे, आणि म्यॅडम कूलरसमोर बसतात. टूं टूं परत चालू केलं आहे. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी सरांना चार वेळा सांगितलं. एकाच घरात, एकाच डब्यात असलेल्या दोन डिस्क एकाच चुकीने जातात. तिसरी प्रत दुसऱ्या घरात, कोरड्या जागी हवी. सरांनी ती प्रणालीच्या आईकडे ठेवायला दिली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सरांना फोन करून विचारते, की नवे व्हिडिओ त्या तिसऱ्या डिस्कवर उतरवले का. मागच्या वेळी सहज विचारलं, प्रणालीच्या आईंनी ती ठेवली कुठे आहे?

"गव्हाच्या कोठीत," सर म्हणाले. "प्लास्टिकच्या पन्नीत बांधून, मधोमध. काऊन? चालत नाई का?"

मी जरा विचार केला. कोठी कोरडी असते. चालते, म्हटलं.